सागर नावाच्या तळ्याकाठी

हैदराबाद शहर दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर वसले आहे. चहूकडे करड्या-गुलाबी रंगाचे प्रचंड धोंडे कोणी राक्षसाने एकावर एक रचून ठेवावेत तसे उभे आहेत. समुद्राच्या वाऱ्याला तेथवर पोहोचावयाचे तर शेकडो किलोमीटर जमीन ओलांडून यावे लागते. आणि तरीही या नगरीइतके ‘सागर’ आपल्या किनाऱ्यावरील कोणत्याही शहरात सापडणार नाहीत. हुसेनसागर, उस्मानसागर, हिमायतसागर अशी एकामागून एक नावे ऐकली की कोकणच्या माणसाला प्रथम हसू येते. परंतु ज्यांना पाणी दुर्मीळ असते त्यांनाच त्याचे खरे मोल कळते आणि म्हणूनच ते तळ्यालाही सागर म्हणतात, हे ध्यानी आले की ते हसू आपोआप मावळते.

यांपैकी उस्मानसागर आणि हिमायतसागर हे एका संकटाचे अपत्य होत. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला आणि त्यात हजारो माणसे प्राणांस मुकली. अफझलगंजमधील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोकांनी आपले प्राण वाचविले. ते झाड आजही तेथील लोक आदराने दाखवितात. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांसारख्या थोर अभियंत्याचा सल्ला घेण्यात आला आणि पुढे 1920 साली उस्मानसागर व 1927 साली हिमायतसागर ही धरणे पुरी झाली. हुसेनसागर मात्र त्यांच्याहून फार जुना. कुतुबशाही सुलतान इब्राहीम याच्या कारकीर्दीत, 1562-63 च्या सुमारास, हुसेन शाह वली यांनी तो बांधविला. हैदराबाद शहराची स्थापना 1591 सालची. म्हणजे आधी तळे झाले, मागाहून शहर. माणसाने वस्ती करण्यापूर्वी पाण्याची सोय पाहिली, यात त्या काळच्या लोकांचे शहाणपण दिसते.

गेल्या जुलै महिन्यात काही कामानिमित्त मला तीन दिवस हैदराबादेस राहावे लागले. सुलतान बाजार आणि काचीगुडा या भागांत अजूनही मराठी बोल कानी पडतात. 1956 पर्यंत आपला मराठवाडा याच राज्याचा भाग होता, हे नव्या पिढीच्या लक्षात नसते. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींनी उभी केलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था त्या जुन्या नात्याची साक्ष देत उभी आहे. चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग संग्रहालय ही तर प्रवाशाने पाहावयाचीच स्थळे. त्यांची वर्णने वाचकांनी पुष्कळदा वाचली असतील, म्हणून ती येथे करीत नाही. मला सांगावयाचे आहे ते त्या हुसेनसागराच्या पाण्यावर पाहिलेल्या शिडांविषयी आणि त्या शिडांनी माझ्या मनात जागविलेल्या एका जुन्या मचव्याविषयी.

हैदराबाद आणि सिकंदराबाद या दोन जुळ्या शहरांना जोडणारा जो लांबलचक बांध आहे त्याला टँक बंड म्हणतात. त्याच्यावरून पाहिले असता तळ्याच्या मध्यभागी भगवान बुद्धांची एकाच शिळेतून कोरलेली अठरा मीटर उंचीची मूर्ती दिसते. ही मूर्ती 1990 साली तराफ्यावरून नेत असता कलंडून तळाशी गेली आणि काही कामगारांना जलसमाधी मिळाली. पुढे 1992 साली ती वर काढून तिची स्थापना करण्यात आली. आज तिच्याकडे पाहणाऱ्या हजारो लोकांना त्या कामगारांची आठवण येत असेल का, असा प्रश्न मनात उठतो. पाण्यावरून ओझे वाहणे हे कधीच सोपे नसते, हे मात्र किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावयास नको.

त्या मूर्तीच्या आसपास, ढगाळ आभाळाखाली, चाळीस-पन्नास पांढरी शिडे डोलत होती. जुलै महिन्यात नैर्ऋत्येचा वारा पठारावरून जोराने वाहतो. तोच येथील शर्यतींचा हंगाम. सिकंदराबादच्या लष्करी छावणीतील ई.एम.ई. दलाच्या मंडळींनी या खेळाची येथे जोपासना केली आणि 2009 सालापासून यॉट क्लब ऑफ हैदराबाद ही संस्था गरीब वस्त्यांतील व सरकारी शाळांतील मुलामुलींनाही शिडाची नाव चालविण्यास शिकविते. लहान मुलांची नाव ती ‘ऑप्टिमिस्ट’. ती 1947 साली अमेरिकेत क्लार्क मिल्स नावाच्या गृहस्थाने मुलांसाठी योजिली. लांबी जेमतेम 2.3 मीटर, पुढचा भाग पेटीसारखा चपटा, आणि आत एकच मूल. प्रारंभी ती प्लायवूडची असे. आता ती फायबरग्लासची असते. ज्यांच्या आईबापांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नाही अशी दहा-बारा वर्षांची मुले एका हाती सुकाणू आणि दुसऱ्या हाती शिडाचा दोर धरून वाऱ्याशी जणू मैत्रीच्या गोष्टी करीत होती. हे दृश्य पाहून माझे अंतःकरण भरून आले.

आपल्या वसईच्या किनाऱ्यावर याच महिन्यात काय असते? दर्या बंद असतो. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते आणि बंदी नसती तरी त्या खवळलेल्या पाण्यात शहाणा माणूस नाव घालीत नाही. माझ्या लहानपणी, म्हणजे 1980 नंतरच्या दशकात, आमचा मचवा या दिवसांत घराशेजारच्या वाडीत माडाच्या झापांखाली विसावलेला असे. वसईच्या खाडीच्या मुखाजवळ आमचे गाव. तोवर गावातील बहुतेक नौकांना डिझेलचे इंजिन लागलेले होते. स्वातंत्र्यानंतर सहकारी संस्थांची कर्जे घेऊन एकेक घर यंत्राकडे वळले होते. आजोबांचा मचवा तेवढा शिडावर चालत असे, आणि त्याबद्दल गावात त्यांचे कौतुकही होई आणि थट्टाही.

मचव्याच्या फळ्या सागाच्या आणि आतील वाकडे आडवे लाकूड बाभळीचे. बाभळीचे लाकूड मुळातच वाकडे वाढते, म्हणून ते पोटाच्या घडणीला सोयीचे. देवाने वाकडे लाकूड उगाच निर्माण केलेले नाही, असे आजोबा म्हणत, आणि हे म्हणताना गावातील एखाद्या हट्टी गृहस्थाकडे हळूच पाहत! पावसाळ्यात फळ्यांच्या सांध्यांतील जुना कापूस काढून नवा ठोकावयाचा, वर राळ व तेल भरावयाचे, बाहेरून मुशीच्या यकृताचे तेल चोळावयाचे आणि पाण्याखालच्या भागास चुना व चरबी यांचा लेप द्यावयाचा, हा वार्षिक संस्कार असे. त्या तेलाचा उग्र दर्प आमच्या कपड्यांना, केसांना आणि शाळेच्या पुस्तकांनाही लागे. आई तक्रार करी, आजी हसे. आम्हां मुलांना मात्र तो वास येऊ लागला म्हणजे सण जवळ आला असे वाटे.

आणि सण खरोखरच जवळ येत असे. ऑगस्टात दर्या शांत होऊ लागला की गावच्या नौकांना आशीर्वाद देण्याचा दिवस येई. नाळेवर क्रूस रंगविलेला, डोलकाठीला झेंडूच्या माळा, आणि धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडीत एका नौकेपाशून दुसऱ्या नौकेकडे जात आहेत, हे चित्र आजही तसेच दिसते. आमच्या मचव्याला पवित्र मरीयेचे नाव होते. आजोबांना अक्षरओळख बेताचीच होती. पण दरवर्षी ते नाव ते स्वतःच रंगवीत, आणि दरवर्षी अक्षरे थोडी निराळी येत.

मासेमारीचे दिवस निराळे आणि कुटुंबाने मिळून करावयाच्या सफरी निराळ्या. वर्षातून चार-पाच वेळा आम्ही सारे मचव्यात बसून खाडीच्या मुखापलीकडे उत्तनला जात असू. तेथे माझी आत्या दिली होती. खाडीतील पाणजू बेटाकडेही एकदोन वेळा गेल्याचे आठवते. रस्त्याने उत्तनला जावयाचे म्हणजे त्या काळी रेल्वे, मग बस, मग पायपीट. वारा अनुकूल असेल तर मचवा दोन तासांत पोहोचवी. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटला की निघावयाचे आणि दुपारी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यावर परतावयाचे, हा नियम. भरती-ओहोटी दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून निघावयाची वेळ घड्याळावर नव्हे तर तिथीवर ठरे. उधाणाच्या दिवसांत त्या भागात पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या विरुद्ध जावयाचे म्हणजे चालत्या जिन्यावरून उलटे चढण्यासारखे.

निघताना आजोबा टोपी काढून क्रूसाची खूण करीत. मग परबाण वर चढे, शीड एकदा फडफडे आणि लगेच पोट फुगवून स्थिर होई. त्या क्षणी होणारी शांतता मला अजून ऐकू येते. इंजिनाच्या नौकेत माणसाला ओरडून बोलावे लागते. शिडाच्या नौकेत आपण हळूहळू कुजबुजू लागतो. फळ्यांखालून सरकणारे पाणी, परबाणाचे कुरकुरणे, आजीच्या जपमाळेचे मणी, एवढेच काय ते आवाज. डाव्या हातास उत्तनच्या टेकडीवरील धारावीच्या जुन्या किल्ल्याचे टोक दिसू लागे आणि मागे वसईच्या किल्ल्याची तटबंदी धूसर होत जाई. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्या आधी दोनशे वर्षे ती पोर्तुगीजांकडे होती आणि तेथे मोठमोठी लाकडी जहाजे बांधली जात, या गोष्टी मी शाळेत फार पुढे शिकलो. आजोबांनी त्या आधीच, सुकाणूवर बसल्या बसल्या, संत गोन्सालो गार्सियांची कथा सांगितली होती. वसईत जन्मलेला हा मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी शिडाच्या जहाजातून जपानला गेला, व्यापारी झाला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रूसावर रक्तसाक्षी झाला. 1862 साली पोप नववे पायस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. आम्हां मुलांच्या मनात तेव्हा एकच प्रश्न असे: एवढ्या लांब जाताना त्यांना मळमळले नसेल का? आजोबा म्हणत, “मळमळले असेलच. संतांनाही पोट असते.”

मात्र या आठवणींना केवळ मधाचे बोट लावून वाचकांपुढे ठेवणे बरे नव्हे. शिडाचे जीवन कष्टाचे होते आणि त्यात भय होते. 1988 सालच्या ऑक्टोबर महिन्यातील एक संध्याकाळ मी कधीही विसरणार नाही. आत्याच्या मुलाचा बाप्तिस्मा आटोपून आम्ही उत्तनहून निघालो होतो. आजोबा, आजी, वडील, काका, आई, काकी आणि आम्ही तीन मुले, असे नऊजण मचव्यात होतो. खाडीचे मुख दिसू लागले आणि अचानक वारा पडला. शीड ओल्या धोतरासारखे लोंबू लागले. काका वल्ही घेऊन पुढे सरसावले. आजोबा मात्र पूर्वेकडे पाहत होते. तिकडे परतीच्या पावसाचा काळाकुट्ट ढग उभा होता आणि त्याच्याखाली पाण्याचा रंग बदलत होता. “परबाण खाली घ्या,” ते एवढेच म्हणाले. वारा नसताना शीड उतरवावयाचे कशाला, असे काकांच्या चेहऱ्यावर उमटले. पण तांडेलाच्या आज्ञेला प्रश्न विचारावयाचा नसतो. परबाण खाली आले, नांगर टाकला गेला आणि दहा मिनिटांच्या आत जमिनीकडून असा काही सोसाटा सुटला की शीड वर असते तर मचवा तत्काळ कलंडला असता.

अर्धा तास आम्ही त्या पावसात बसून होतो. आजीने जपमाळ सुरू केली. विजेच्या गडगडाटात तिचा आवाज बुडून जाई आणि पुन्हा वर येई. आईने आम्हां तिघांना पदराखाली घेतले होते. वादळ सरले, पण अंधार पडला होता, ओहोटीला जोर आला होता आणि नांगर चिखलातून घसरत आम्हांला बाहेर समुद्राकडे नेत होता. वडील आणि काका वल्ही मारून थकले. तेवढ्यात शेजारच्या गावची एक इंजिनाची नौका परतताना आमच्या जवळ आली आणि तिच्यावरील खलाशाने दोर फेकला.

पन्नास वर्षे शिडावर काढलेल्या माणसाने तो दोर घ्यावा की न घ्यावा, याचा विचार करण्यास कदाचित एक क्षण लागला असता. आजोबांनी तो क्षणही घेतला नाही. त्यांनी स्वतः पुढे होऊन दोर झेलला, स्वतःच्या हातांनी नाळेला बांधला आणि टोपी काढून त्या खलाशाला म्हणाले, “देव तुझे भले करो, बाबा.” धक्क्यावर उतरल्यावर कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मिस्साहून परतल्यावर त्यांनी वडिलांना हाक मारली आणि सांगितले, “सोसायटीत जाऊन कर्जाचा अर्ज भर. इंजिन घे.” वडील दोन वर्षांपासून याच गोष्टीसाठी त्यांच्या मिनत्या करीत होते. परंतु त्या दिवशी, मागितले ते मिळाले असूनही, वडिलांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

जुन्या मचव्याची घडण इंजिनाचे हादरे सोसणारी नव्हती, म्हणून काकांच्या भागीदारीत नवी नौका बांधली गेली. मचवा आणखी काही वर्षे किनाऱ्यालगतच्या कामास उपयोगी पडला. आजोबा देवाघरी गेल्यावर तो मोडावयाचे ठरले. वाचकांना हे निष्ठुरपणाचे वाटेल, पण दर्यावर्दी घरात लाकूड कुजत ठेवीत नाहीत. डोलकाठी एका शेजाऱ्याच्या होडीला गेली. परबाण आमच्या गोठ्याचा आढा झाले. चांगल्या फळ्या दुसऱ्याच्या मचव्याच्या डागडुजीस दिल्या. शिडाच्या कापडाने कित्येक पावसाळे पेंढा झाकला. बसण्याची आडवी फळी तेवढी घरात राहिली. सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळी आजही घरची मंडळी तिच्यावर बसतात. पुढे मी सेमिनरीत जावयास निघालो तेव्हा थोरला मुलगा गेल्यावर नौका कोणी पाहावयाची, हा प्रश्न घरात होताच. वडिलांनी तो बोलून दाखविला नाही. ते एवढेच म्हणाले, “शीड कधी उतरवायचे हे ज्याला कळते तो तांडेल. तुझ्या आजाला कळत होते. मलाही कळावे.” आता आमच्या घरात नौका नाही.

हैदराबादेच्या मुक्कामात या साऱ्या आठवणींना एक निराळाच आधार सापडला. पब्लिक गार्डनमधील राज्य संग्रहालयात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती ठेवलेल्या आहेत. अजिंठा हे त्या काळी निजामाच्या राज्यात होते. तेथील पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी 1920 नंतरच्या वर्षांत इटलीहून तज्ज्ञ आणवून त्या चित्रांची जपणूक करविली आणि पुढे त्यांवर चार खंडांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन उंच शिडांचे एक जहाज रंगविलेले आहे. ते पाचव्या शतकातील मानले जाते. त्याही आधीच्या सातवाहन राजांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आढळते. पैठणला राजधानी असलेल्या या राजांची सत्ता मराठी मुलखाप्रमाणेच आंध्र प्रदेशातही पसरलेली होती. डोंगरातील भिक्षूंनी आणि पठारावरील राजांनी जहाजाचे चित्र जतन करावे, ही लहान गोष्ट नव्हे.

आणि त्या चित्राचे पुढे काय झाले? आपल्या भारतीय नौदलाने त्याच अजिंठ्याच्या जहाजावरून एक नवे जहाज बांधविले. केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोराने शिवल्या. 21 मे 2025 रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारी 2026 मध्ये केवळ शिडांच्या बळावर मस्कतला पोहोचले. इंजिन नाही, खिळे नाहीत. ज्या विद्येला आपण मेलेली समजत होतो ती एका भिंतीवरील रंगांतून आणि दोन-चार जुन्या सुतारांच्या हातांतून पुन्हा उठून उभी राहिली.

असेच एक जहाज, खरे म्हणजे एक साधी मासेमारीची नाव, आपल्या प्रभूच्या देशातही सापडली आहे. ज्याला आपण गालिलाचा समुद्र म्हणतो ते वास्तविक एक तळेच होय. सुमारे एकवीस किलोमीटर लांब आणि तेरा किलोमीटर रुंद. म्हणजे तळ्याला सागर म्हणणारे केवळ हैदराबादचेच लोक नव्हेत! 1986 साली अवर्षणामुळे त्या तळ्याचे पाणी हटले आणि काठच्या चिखलात दोघा कोळी भावांना एका नावेची कड दिसली. सव्वाआठ मीटर लांबीची ती नाव सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे प्रभू येशू आणि संत पेत्र यांच्या काळातील, असल्याचे विद्वानांनी ठरविले. ती प्रभूची नाव होती असे कोणी म्हणत नाही व म्हणू नये. पण तिच्या फळ्या तपासल्या तेव्हा त्यांत दहाहून अधिक जातींची लाकडे आढळली. मूळ लाकूड बहुतेक देवदाराच्या जातीचे आणि वाके ओकची. पण जेथे जेथे नाव फुटली तेथे तेथे गरीब मालकाने मिळेल त्या लाकडाचे ठिगळ लावलेले होते. आणि शेवटी, कामातून गेल्यावर, डोलकाठीसह तिचे उपयोगी भाग काढून घेऊन उरलेले सांगाडे काठावर सोडून दिले होते. हे वाचले तेव्हा मला आमच्या मचव्याची आठवण झाल्याखेरीज कशी राहील? ठिगळ लावणे, उपयोग संपेपर्यंत वापरणे आणि मग जे चांगले आहे ते दुसऱ्याच्या नावेस देणे, ही गालिलापासून वसईपर्यंत दर्यावर्दी लोकांची एकच रीत आहे. पेत्राची नाव म्हणून आपण जिचा गौरव करतो ती पवित्र ख्रिस्तसभाही अशाच नाना जातींच्या लाकडांनी सांधलेली आहे. वाकड्या बाभळीलाही तिच्यात जागा आहे.

मी हैदराबादेत होतो तो रविवार जुलै महिन्यातील दुसरा रविवार होता. ख्रिस्तसभा जगभर तो दिवस समुद्ररविवार म्हणून पाळते आणि दर्यावर जगणाऱ्या माणसांसाठी प्रार्थना करते. 1920 साली ग्लासगो येथे सुरू झालेल्या, आज ‘स्टेला मारिस’ म्हणजे समुद्रतारा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेवाकार्याशी तो दिवस जोडलेला आहे. सिकंदराबादच्या संत मेरी चर्चमध्ये मी मिस्साबली अर्पण केला. हे चर्च 1850 सालचे असून 2008 साली त्याला बॅसिलिकेचा मान मिळाला. समुद्राचा थेंबही जवळ नसलेल्या त्या मंदिरात तेलुगू, तमिळ आणि इंग्रजी बोलणाऱ्या भाविकांसमवेत मी खलाशांसाठी प्रार्थना केली, आणि प्रार्थनेला किनारा लागत नाही हे मला पटले.

प्रिय वाचकहो, या लेखाचा हेतू इंजिने मोडून शिडे उभारा असे सांगण्याचा नाही. ज्या दोराने आमचे नऊ जीव वाचले तो इंजिनाच्या नौकेचा दोर होता, हे मी आयुष्यभर स्मरेन. यंत्रामुळे आपल्या बांधवांचे कष्ट हलके झाले, मुले शिकली, घरे पक्की झाली. पण एक गोष्ट मनाला खटकते. पठारावरील गरीब मुले आज वाऱ्याची दिशा गालावर ओळखतात आणि आपल्या किनाऱ्यावरील मुलांना मतलई म्हणजे काय हे ठाऊक नसते. परबाण, नाळ, उधाण, भांग हे शब्द ज्यांच्या जिभेवर आहेत ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ती गेली की ते शब्दही जातील, आणि त्या शब्दांबरोबर आभाळ वाचण्याची, थांबण्याची आणि वेळीच शीड उतरविण्याची विद्याही जाईल. अजिंठ्याचे जहाज भिंतीवर उरले म्हणून पुन्हा बांधता आले. आपल्या मचव्यांची चित्रे कोणत्या भिंतीवर आहेत?

म्हणून माझी एक नम्र विनंती आहे. येत्या समुद्ररविवारी आपल्या किनाऱ्यावरील प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या जुन्या तांडेलांना आणि खलाशांना मिस्सानंतर मुलांपुढे बसवावे. त्यांना वाऱ्यांची नावे सांगू द्यावीत, गाठी मारून दाखवू द्याव्यात, नौकेच्या प्रत्येक भागाचे नाव कोणी तरी वहीत उतरवून घ्यावे. गावात एखादा सुतार उरला असेल तर त्याच्याकडून हातभर लांबीचा मचवा करवून तो शाळेत ठेवावा. याला फारसा खर्च नाही, सरकारी मंजुरी नको, फक्त एका रविवारची दुपार हवी. आणि ज्या घरात अशी वडीलधारी माणसे आहेत त्यांनी तर रविवारचीही वाट पाहू नये. आज रात्री जेवणानंतर आजोबांना विचारावे की वारा पडला तर काय करावयाचे. ते जे सांगतील ते केवळ नावेपुरते नसेल.

समुद्रतारा मरीया आपल्या दर्यावर्दी बांधवांचे रक्षण करो, आणि दुसऱ्याने फेकलेला दोर वेळीच धरण्याची नम्रता आपणां सर्वांना देवो.